मृत्युपत्रात लहान मुलांसाठी पालक कसा नेमावा

फ्लॅट कुणाला, दागिने कुणाला हे मृत्युपत्रात बारकाईने लिहिलेलं असतं, पण सात वर्षांची मुलगी कुणाकडे राहील याबद्दल एक ओळही नसते. आई-वडील दोघंही गेले आणि पालक नेमलेला नसला, तर नातेवाइकांना १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात जावं लागतं. काका आणि मामा दोघांनीही अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत मूल अधांतरी राहतं.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ९ लागू होतं (कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल). पुढचं सगळं त्याला धरून आहे. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, गोव्याचा वारसा कायदाही वेगळा आहे. तिथे स्थानिक वकिलालाच विचारा.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमला, पण त्यांच्यानंतर आई हयात असली, तर ती नेमणूक लागू होत नाही, आईच पालक राहते. पुढे आई स्वतः कुणालाही न नेमता गेली, तर वडिलांची नेमणूक पुन्हा जिवंत होते. आईने दुसरं नाव लिहिलं असेल तर तिचं चालतं. म्हणून दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रं करावीत आणि दोन्हींत तेच नाव, त्याच शब्दांत लिहावं. कायद्याने आईला हा अधिकार मुख्यतः विधवा म्हणून दिला आहे, त्यामुळे पतीच्या निधनानंतर तिने मृत्युपत्र नव्याने करून सही करावी. घटस्फोटित आईने बहिणीचं नाव लिहिलं तरी हयात वडिलांचा हक्क त्याने जात नाही. बहिणीला कोर्टातच जावं लागेल. तिथे आईची लेखी इच्छा विचारात घेतली जाते, म्हणून ती लिहून ठेवाच.

मजकूर साधा असू द्या (यात ‘शरीराची पालक’ म्हणजे मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती): ‘माझ्या मृत्यूसमयी माझी पत्नी हयात नसल्यास, किंवा पुढे कुणालाही पालक न नेमता तिचं निधन झाल्यास, माझी मुलगी ___ (जन्मतारीख ___) हिच्या शरीराची व मालमत्तेची पालक म्हणून मी तिची मावशी ___, राहणार ___, यांना नेमतो. त्या हयात नसल्यास किंवा त्यांनी नकार दिल्यास ___ यांना नेमतो.’ पर्यायी नाव सोडू नका. ‘मावशी आणि काका’ असं जोडपं नेमण्यापेक्षा एकच नाव द्या, उद्या ते विभक्त झाले तर पेच नको. खाली कारणही लिहा: मुलगी दर सुट्टीत मावशीकडे राहते, शाळा तिथून जवळ आहे. कोर्ट शेवटी मुलाचं हित पाहतं, आणि कुणी आव्हान दिलंच तर ही दोन वाक्यं उपयोगी पडतात. नाव लिहिण्याआधी त्या व्यक्तीला समोर बसवून विचारा. पालकत्व कुणावर लादता येत नाही. परदेशातल्या भावाला नेमत असाल तर लक्षात घ्या, मृत्युपत्र दाखवून मुलाला व्हिसा मिळत नाही.

शरीराचा पालक आणि मालमत्तेचा पालक वेगळे नेमता येतात. मूल मावशीकडे, हिशेब काकांकडे ही व्यवस्था चांगली चालते, मात्र दरमहा खर्चाला किती द्यायचे आणि फी कुणी भरायची हे लिहिलेलं हवं. नाहीतर मावशीला शाळेच्या बुटांसाठीही हात पसरावा लागतो.

जमीन असेल तर सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा पडतो. हा पालक कोर्टाच्या परवानगीशिवाय जमीन किंवा घर विकू अथवा गहाण ठेवू शकत नाही. विकलंच, तर मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागता येतो. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्यासाठी मात्र मृत्युपत्राने पालक नेमता येत नाही.

सहीच्या वेळी दोन साक्षीदार हवेत. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहावं आणि तुमच्या समोर स्वतः सही करावी. पालक किंवा वारसदार यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, खोटेपणाचा आरोप करणं अवघड जातं.

त्याच आठवड्यात विमा पॉलिसी काढून बघा. अज्ञान नॉमिनीसाठी पैसे स्वीकारणारा अपॉइंटी तिथे वेगळा नेमलेला असतो. लग्नाआधीच्या पॉलिसीत अजून तुमच्या वडिलांचंच नाव नॉमिनी म्हणून असतं, तेही बदला. मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. माणूस गेल्यावर तो लॉकर लगेच उघडत नाही. ते कुठल्या कपाटात आहे, हे पालकाला आजच सांगून ठेवा.