वायट, डन, सिडनी वाचताना या चुका टाळा

सोळाव्या शतकातली इंग्रजी प्रेमकविता उघडली, शब्द सगळे ओळखीचे निघाले आणि तरी अर्थ लागेना? मग त्या ओळखीच्या शब्दांवरच संशय घ्या.

थॉमस वायट हा आठव्या हेन्रीच्या पदरी असलेला राजदूत, मराठेशाहीच्या भाषेत वकील. 1536 आणि 1541 अशी दोनदा लंडनच्या टॉवर किल्ल्याची कोठडी पाहून आलेला. त्याच्या एका कवितेत, पूर्वी अनवाणी पावलांनी त्याच्या खोलीत येणाऱ्या बायका आता त्याला टाळतात. शेवटी त्यांतल्या एकीबद्दल तो म्हणतो, तिने मला इतकं 'काइंडली' वागवलं, मग तिच्या वाट्याला काय यावं? मी बरीच वर्षं इथे 'प्रेमाने' असं वाचून पुढे जात होतो. पण तेव्हा 'काइंड' म्हणजे जात, प्रकृतीही. ती तिच्या प्रकृतीप्रमाणे वागली. आपण म्हणतो ना, स्वभावाला औषध नाही! वर 'मेहेरबानी झाली' असा टोमणा आहेच. 1557 साली रिचर्ड टॉटेलच्या संग्रहात ही कविता छापली गेली तेव्हा लय घोटून गुळगुळीत केली गेली आणि शब्दाचं 'अनकाइंडली' झालं. टोमणा गेला, रडगाणं उरलं. तुमच्या प्रतीत 'अनकाइंडली' असेल तर ती प्रत बदला.

'विट' म्हणजे नुसता विनोद समजू नका. ती बुद्धीची चपळाई. 'कन्सीट' म्हणजे गर्व नव्हे, लांबून ओढून आणलेली कल्पना. जॉन डनच्या कवितेतली पिसू घ्या. ती त्याला आणि त्याच्या प्रेयसीला, दोघांनाही चावली, दोघांचं रक्त तिच्या पोटात एक झालं, म्हणजे आपली शेज हीच, असा त्याचा दावा. तिसऱ्या कडव्यापर्यंत बाईने पिसू नखाने चिरडलेली असते. गडी हरला म्हणावं, तर तो म्हणतो: बघ, पिसू मेली म्हणून तुझं काही बिघडलं का? मला हो म्हणालीस तर अब्रूही तेवढीच जाईल. दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत ती काय करते हे पाहिलं नाही, तर कविता निम्मीच वाचली.

'दाऊ' (thou) भारदस्त वाटतं म्हणून 'आपण' करू नका. ते आपलं 'तू' आहे. विठ्ठलालाही आपण 'तू'च म्हणतो. शेक्सपिअर अठराव्या सुनीतात, म्हणजे सॉनेटमध्ये, 'दाऊ' म्हणतो, तेराव्यात 'यू'. मराठी कानाला हा फरक लगेच कळायला हवा.

'लव्ह' आणि 'प्रूव्ह' यांचं यमक चुकलं असंही समजू नका, उच्चार बदललेत.

आणि फिलिप सिडनीची स्टेला नावाच्या प्रेयसीवरची 108 सुनीतं डायरीसारखी वाचू नका. स्टेलामागे पेनेलोपी डेव्हरू ही खरी बाई आहे, 1581 मध्ये तिचं लॉर्ड रिचशी लग्न झालं, सदतिसाव्या सुनीतात 'रिच'वर कोटीही आहे. हे सगळं खरं. पण 'मनात डोकाव आणि लिही' हा पहिल्या सुनीतातला प्रसिद्ध सल्ला पाहा. नेहमीच्या दहा अक्षरांऐवजी बारा अक्षरांच्या, मोजूनमापून बेतलेल्या ओळीत तो दिलाय.