जुनी झेन ऑटोक्रॉससाठी कशी तयार करावी

आपल्याकडचा ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मुरमाच्या मैदानावर होतो. वळणावळणाचा छोटा ट्रॅक, घड्याळाशी शर्यत, आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे क्वचितच जाते. अशा ठिकाणी नुसती ताकद कामाला येत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला जास्त हॉर्सपॉवर दिली तर वळणातून निघताना चाकं मुरूम उकरत बसतात. म्हणून पैसे इंजिनावर सगळ्यात शेवटी घाला.

गाडी म्हणून मला जुनी मारुती झेन आवडते. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, हलकी बॉडी, आणि हे काम हातात बसलेले मिस्त्री. घेताना इंजिनाआधी पत्रा बघा. पुढचे शॉकॲब्सॉर्बर बॉडीला जिथे बसतात ती जागा, जॅक लावायची जागा, मॅटखालचा फ्लोअर. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. थकलेलं इंजिन पुन्हा बांधता येतं, पण कुजलेल्या पत्र्यावर रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी पाइपांचा पिंजरा, उभा राहत नाही. समुद्राकाठी वापरलेली गाडी मी शक्यतो घेत नाही.

स्पॅनर हातात घेण्याआधी स्पर्धेची नियमावली वाचा. एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेची स्पर्धा असेल तर परवाना काढावा लागतो, आणि गाडीत काय बदललेलं चालेल हे तुमच्या गटावर ठरतं.

मग गाडी हलकी करा. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी, एसी, नियमात बसेल ते सगळं काढा. मागचं वजन कमी झालं की शेपूट वळणात सहज फिरते, मातीवर तेच हवं असतं.

रोल केज मात्र कुठल्याही फॅब्रिकेटरकडून पाण्याच्या पाइपचा करून घेऊ नका. सीमलेस पोलादी पाइप लागतो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा किंवा ५० मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाइप सांगितला आहे. सोबत चांगली सीट, हार्नेस म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट आणि मान्यताप्राप्त हेल्मेट. इथे काटकसर नकोच.

ब्रेकवर एक पूर्ण दिवस द्या. माझ्या पहिल्या गाडीत जुनंच ब्रेक ऑइल राहिलं होतं. तिसऱ्या फेरीत पेडल तळाला गेलं आणि मी ट्रॅकबाहेर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. संपूर्ण ऑइल काढून नवं भरा, पॅड आणि रबरी होजही बदला. हँडब्रेकची केबल ताणून घ्या, यू वळणात तिचाच आधार असतो.

सस्पेन्शनमध्ये आधी बुश, बॉल जॉइंट आणि माउंटिंग नवी करा, मग शॉकॲब्सॉर्बर. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. मुरमावर जमिनीपासून क्लिअरन्स लागतो. अलाइनमेंट करताना पुढे किंचित टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची टोकं जरा बाहेर वळलेली, मागा, गाडी वळणात लवकर घुसते. मूळ आकडे मात्र वहीत लिहून ठेवा. टायरमध्ये ३० पीएसआयपासून सुरू करून एका वेळी २ने बदला.

आता इंजिन: टायमिंग बेल्ट, प्लग, कूलंट आणि चांगला एअर फिल्टर. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर धुळीत लावू नका. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जाड पत्र्याचा गार्ड लावा. तो क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या दांड्याला, बसवा, सम्पला नाही, आणि ऑइल काढायला भोक ठेवा.

अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, म्हणून ती मैदानावर टेम्पोत घालून न्या. प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा आणि फिल्टर झाडा.