वाहन कंपनीचा पी-ई वर्षानुवर्षे कसा वाचावा

शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर उत्पन्न, म्हणजेच ईपीएस, हे पी-ई गुणोत्तराचे सूत्र सर्वांना पाठ असते. परंतु वाहननिर्मितीसारख्या तेजी-मंदीच्या उद्योगात भावापेक्षा उत्पन्नच अधिक हेलकावे खाते, त्यामुळे आधी भाजकाकडे पाहायचे असते.

टाटा मोटर्सचे आकडे घेऊ. मार्च २०२३ अखेर शेअरचा भाव सुमारे ४२० रुपये आणि त्या वर्षाचे एकत्रित, म्हणजे उपकंपन्यांसह, ईपीएस सुमारे ६.३ रुपये होते, म्हणजे पी-ई ६७ च्या आसपास. वर्षभरानंतर भाव ९९० च्या घरात गेला, ईपीएस मात्र ८२ रुपयांवर पोहोचले, आणि पी-ई १२ वर आला. ज्याने ६७ पाहून ‘फार महाग’ म्हणत पाठ फिरवली, त्याच्या डोळ्यांदेखत शेअर दुपटीहून अधिक वाढला. नफा नुकता सावरू लागला असताना पी-ई फुगलेला दिसणे हे या उद्योगात नेहमीचेच आहे.

याचा अर्थ १२ चा पी-ई स्वस्त, असाही नाही. त्या वर्षीच्या सुमारे ३१,४०० कोटींच्या नफ्यात, जुन्या तोट्यांमुळे पुढे वाचणाऱ्या कराची मोठी नोंद मिसळलेली होती. म्हणून वार्षिक अहवाल उघडून करपूर्व नफा, अपवादात्मक (नेहमीच्या व्यवसायाबाहेरच्या) बाबी आणि कराची ओळ वेगवेगळी वाचावी. २०१८-१९ ते २०२१-२२ ही चारही वर्षे कंपनी तोट्यात होती; तोट्याच्या वर्षी पी-ई निघतच नाही, तेव्हा वर्षवार पी-ईच्या तक्त्यात तो रकाना रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. त्यांपैकी पहिल्या वर्षाच्या सुमारे २८,८०० कोटींच्या तोट्यामागे जॅग्वार लँड रोव्हर या ब्रिटिश उपकंपनीच्या मालमत्तेचे मूल्य कमी केल्याची नोंद होती. तीत रोकड बाहेर गेली नव्हती. २०१८-१९ ते २०२३-२४ या सहा वर्षांची बेरीज केली, तर हाती सुमारे ३२ हजार कोटींचा तोटाच उरतो. ही बेरीज मला कोणत्याही एका वर्षाच्या पी-ईपेक्षा अधिक बोलकी वाटते. अपवादात्मक नोंदी वगळून सात ते दहा वर्षांचे सरासरी ईपीएस काढावे आणि आजच्या भावाला त्याने भागावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यावसायिक वाहनांचा व्यवसाय वेगळा झाला, तेव्हा भाव एका रात्रीत सुमारे ६६० वरून ४०० वर आला. ती घसरण नव्हती, व्यवसायच विभागला गेला होता. त्या तिमाहीत प्रवासी वाहन कंपनीने ७६ हजार कोटींहून अधिक नफा दाखवला, तोही मुख्यतः या विभाजनाचा कागदोपत्री नफा होता आणि तो वगळल्यास तिमाही तोट्यात होती. अशा तिमाहीचा समावेश असलेला पी-ई संकेतस्थळावर दिसला, तर तो तक्त्यात उतरवू नये; विभाजनापूर्वीचे ईपीएस आणि नंतरचा भाव यांचाही भागाकार करू नये.