पोलिश 'ख़ाम': कुणाला म्हणावं, कुणाला नाही

क्राकोवला शिकायला आलेली आपल्याकडची पोरं पोलिश शब्द गोळा करायला लागली की हमखास विचारतात, "दादा, 'ख़ाम' म्हणजे अडाणीच ना?" जुना अर्थ त्याच्या जवळपासचा: खेडवळ, हलक्या कुळातला. पण ट्राममधल्या आजीबाई हा शब्द पुटपुटतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं उर्मट, मुजोर. सूटबूटवाला डॉक्टर ख़ाम असू शकतो आणि शाळेची पायरी न चढलेला शेतकरी अजिबात नसू शकतो.

रोमन लिपीत सुरुवातीला 'सीएच' दिसतं म्हणून 'चाम' वाचू नका. उर्दूतल्या 'ख़ुदा'चा ख़, त्याहून जरा मऊ.

शब्द आला बायबलमधून. नोहाचा एक मुलगा हाम, पोलिशमध्ये ख़ाम. दारू पिऊन उघड्या पडलेल्या बापाला त्याने पाहिलं, भावांना जाऊन सांगितलं, आणि त्याच्या वंशाला शाप लागला. पोलिश उमरावांनी ही कथा सोयीने वापरली: आम्ही नोहाच्या दुसऱ्या मुलाचे, याफेतचे वंशज, वेठबिगार कुळं ख़ामची. सतराव्या शतकात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाच्या उमरावाने खोटं उमरावपण मिरवणाऱ्या घराण्यांची भलीमोठी यादीच केली. ती 'लिबेर ख़ामोरुम', म्हणजे ख़ामांची वही, म्हणून ओळखली जाते. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये वेठबिगारी सुटली ती थेट 1864 मध्ये. म्हणून खेड्यातून आलेल्या माणसाला हा शब्द कधीच लावू नका. तिथे तो शिवी न राहता जात काढल्यासारखा लागतो.

आता वापर. बाईला 'ख़ामका', वागण्याला 'ख़ाम्स्त्फो', विशेषण 'ख़ाम्स्की'. परक्या माणसाने विशेषणावर भागवावं. "तो बिवो ख़ाम्स्क्ये", म्हणजे हे वागणं उर्मटपणाचं होतं. इथे बोट कृतीवर राहतं. तोंडावर "ख़ाम्ये!" म्हणालात तर भांडण लागलंच समजा. ड्यूटीवरच्या पोलिसाला तर चुकूनही नको: दंडसंहितेच्या कलम 226 खाली सरकारी माणसाच्या अपमानाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मित्रामित्रांत थट्टा करायची असेल तर 'बुराक' चालतं. अर्थ बीट, म्हणजे आपला गावंढळ, तेही जपून.

बेकरीच्या रांगेत कुणी घुसलाच तर एवढंच म्हणा: "प्शेप्राशाम, तू येस्त कोलेइका." माफ करा, इथे रांग आहे. बाकीचं मागच्या आजीबाई बघून घेतात.