मुलांना देशोदेशीची खेळणी दाखवताय? आधी या चुका टाळा

एका मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांसाठी ‘जगातली पारंपरिक खेळणी’ असा दिवस ठेवला होता. टेबलावर सावंतवाडीची लाकडी फळं, कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाखेच्या रंगाचे लाकडी घोडे, रशियाची मात्र्योश्का (एकात एक बसणाऱ्या बाहुल्या), जपानची केंदामा (दोरीला बांधलेला चेंडू झेलायचं लाकडी खेळणं). प्रत्येकासमोर गावाची नाहीतर देशाची पाटी. वर मी सारखी बजावत होते, ‘हात लावू नका हं, महाग आहे.’ वीस मिनिटांत गच्ची रिकामी. खाली जिन्यापाशी एकाच्या खिशातून बेब्लेड, म्हणजे झुंजवायचा आधुनिक भोवरा, निघालं होतं आणि झाडून सगळी पोरं त्याभोवती उकिडवी बसली होती.

त्या दिवशी केलेल्या, आणि नंतर इतरांना करताना पाहिलेल्या या चुका.

एका दुपारी सगळं जग

दहा देशांची दहा खेळणी मांडली की मुलांच्या लक्षात फक्त पाट्या राहतात, आणि त्याही दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. त्यापेक्षा एकच खेळणं घ्यावं आणि ते कुठे कसं बदललं ते दाखवावं. मी आता भोवरा घेते. स्वस्त, दणकट, आणि भेटतो खूप ठिकाणी. मलेशियातल्या केलांतानमध्ये भाताची कापणी उरकली की ‘गासिंग’ फिरवतात. ताटासारखं चपटं, वजन पार पाच किलोपर्यंत. फेकलेलं गासिंग लाकडी पळीने अलगद उचलून एका बुटक्या खुंटावर ठेवतात, आणि मुरलेल्या खेळाडूचं असेल तर ते तासाहून जास्त फिरत राहतं. हे ऐकलं की मुलं हमखास विचारतात, मग आपला का नाही फिरत एवढा? दोन्हींची चित्रं शेजारी ठेवा. आपला पेरूसारखा, त्यांचा थाळीसारखा. वजन आसापासून जितकं लांब पसरलेलं, तितका भोवरा उशिरा थकतो. शेतीपासून विज्ञानापर्यंत सगळं एका प्रश्नातून निघतं.

‘आमच्या लहानपणी असलं प्लॅस्टिक नव्हतं’

हे वाक्य तोंडातून निघालं की मुलांचे कान बंद. शिवाय बेब्लेड भोवऱ्याच्याच घराण्यातलं आहे. जपानमध्ये ‘बाय’ नावाच्या समुद्री शंखात वाळू भरून, वर मेण ओतून छोटा भोवरा करत. त्याला दोरी गुंडाळून ताणलेल्या कापडावर सोडायचा आणि समोरच्याचा भोवरा बाहेर उडवायचा. नाव बायगोमा, पुढे बेइगोमा झालं. शंखाच्या जागी ओतीव लोखंड आलं, आणि १९९९ साली बाजारात उतरलेलं बेब्लेड त्याच खेळावरून सुचलं. मुलाच्या खिशातल्या खेळण्यापासून सुरुवात करा. तुमच्या भोवऱ्यापर्यंत ते आपोआप येतं.

फिरत नाही म्हणून हातातून काढून घेणं

सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. ‘आण, मी दाखवतो’ म्हणत बाबा जे सुरू होतात ते अर्धा तास स्वतःच खेळतात! भोवरा मुलाच्याच हातात राहू द्या आणि बिघाड कुठे आहे ते शोधा.

जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, सैल बसली असेल तर भोवरा सुटताना तिरका पडतो आणि लोळतो. आरीपासून (टोकाच्या खिळ्यापासून) वर, खाचेला खाच लावून घट्ट गुंडाळायला सांगा. सुरुवातीचं टोक निसटत असेल तर किंचित ओलं करा. नायलॉनची दोरी घसरते, सुताची आणा. दुसऱ्या टोकाला सोड्याच्या बाटलीचं बूच बांधलं की बोटांच्या बेचक्यात पकड येते. भोवरा नुसता धपकन पडत असेल तर मुलाने झटका दिलेला नाही. हात पुढे गेल्यावर जाळी मागे ओढायची असते आणि नवखं मूल नेमकं तेच विसरतं. उड्या मारत फिरत असेल तर आर वाकडी आहे. आणि घरातल्या चकचकीत फरशीवर शिकवू नका, भोवरा घसरतो आणि फरशीलाही टवके जातात. अंगणातली चोपलेली माती उत्तम, गच्चीचा कोबाही चालतो.

एका मुलीला दोन दिवस जमत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. ती डावखुरी आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. जाळी उलट्या दिशेने गुंडाळून दिली, तिसऱ्या फेकीत भोवरा उभा राहिला. हातजाळी मात्र पहिल्या आठवड्यात शिकवूच नका. हवेतल्या हवेत तळहातावर भोवरा झेलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि आरीचा फटका नखावर बसतो.

दंतकथा इतिहास म्हणून सांगणं

ज्यू मुलं हनुकाच्या सणात ड्रेडल नावाचा भोवरा फिरवतात. चार बाजू, चार हिब्रू अक्षरं. ग्रीक राजवटीत धर्मग्रंथ शिकायला बंदी होती, सैनिक आले की मुलं ते लपवून हा भोवरा काढत, अशी गोष्ट सांगतात. ती जरूर सांगा, पण ‘असं म्हणतात’ म्हणून. हा खेळ युरोपातल्या जुगाराच्या भोवऱ्यावरून आलेला दिसतो आणि अक्षरं मुळात खेळाचे नियम होते: काही नाही, सगळं, अर्धं, ठेव. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या वाक्याची ती आद्याक्षरं, हा अर्थ त्यांना नंतर जोडला गेला. इस्रायलमध्ये तर ‘तिथे’च्या जागी ‘इथे’ येतं, म्हणून एक अक्षरच बदलतं! आमची मुलं शेंगदाणे लावून खेळतात आणि चारही नियम पाच मिनिटांत पाठ होतात.

दिसली बाहुली की खेळणं

अमेरिकेतल्या ॲरिझोनात मूळनिवासी होपी लोक कॉटनवूड झाडाच्या मुळातून कात्सिना, म्हणजे त्यांना पूज्य असलेल्या आत्म्यांच्या बाहुल्या, कोरतात. विधीच्या वेळी त्या मुलींना देतात आणि घरी भिंतीवर टांगतात. त्यांची पुठ्ठ्याची नक्कल करायला लावणं मी टाळते. आपल्या देव्हाऱ्यातली मूर्ती कोणी हस्तकलेच्या तासाला करायला दिली तर कसं वाटेल, एवढं मुलांना विचारलं की पुरतं.

‘भोवरा आपणच शोधला’ हेही नको. भोवरे इतरांकडेही आहेत. न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींचा पोटाका घ्या, तो चाबकाने हाणून फिरवतात.

राहता राहिला रंग. तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला आजोबांच्या काळातलं रंगीत खेळणं देऊ नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे चन्नपट्टणच्या घोड्यावर ते नसलं तर लगेच नकली समजू नका. रंग कशाचा, हे विकणाऱ्याला विचारा.