फिलिपिन्समधलं वादळ आणि क्वीअर जगणं: माहितीपट करताना या चुका टाळा

8 नोव्हेंबर 2013 रोजी योलांदा (बाहेरच्या जगासाठी हैयान) हे वादळ विसायस बेटांवर आदळलं. अधिकृत आकडा 6,300 मृतांचा आहे. या पार्श्वभूमीवर ‘बाक्ला’ (जन्माने पुरुष, पण वागण्या-दिसण्यात स्त्रीपणा असलेले समलिंगी किंवा ट्रान्स लोक) समाजावर फिल्म करताना सगळ्यात मोठी चूक संहितेतच होते. अर्धी फिल्म वादळाची, अर्धी ओळखीची, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंधच येत नाही.

तो संबंध मदतीच्या रांगेत दिसतो. समाजकल्याण खात्याचं मदतकार्ड कुटुंबाच्या नावे असतं, आणि 1987 चा कुटुंब कायदा फक्त स्त्री-पुरुषाचा विवाह मानतो. मग एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन पुरुषांची नोंद कुठे झाली? तांदळाचं पोतं कोणाच्या हाती पडलं? हे विचारा. ‘तेव्हा काय वाटलं?’ एवढंच विचारलं तर तेच ते उत्तर मिळतं.

दुसरी चूक म्हणजे माणसाला फक्त बिचारं दाखवणं, नाहीतर गावच्या जत्रेतल्या ‘मिस गे’ स्पर्धेपुरतं रंगीत दाखवणं. सोर्सोगोन प्रांतातल्या इरोसिनमध्ये अभ्यासकांना तरुण बाक्लांना निवारा केंद्रात खासगीपणा मिळत नसल्याचं दिसलं. पण मदत गोळा करायला, साफसफाईला पुढे असणारेही तेच होते. दोन्ही बाजू फिल्ममध्ये असायलाच हव्यात.

पार्लरमध्ये थांबा. अनेक बाक्लांचं पोट त्यावर चालतं. वीज गेली की ड्रायर निकामी, आरसा फुटला तरी कात्री चालूच. दुकान पुन्हा उभं करायला पैसे कोणी दिले, कर्ज किती झालं, हे त्या खुर्चीशेजारी बसूनच कळेल. कॅमेरा हातांवर ठेवा, बोलणं आपोआप येईल.

वादळाचा जबर फटका बसलेल्या ताक्लोबान शहरात टागालोग (मनिलाकडची भाषा) बोलणारा दुभाष्या नेऊ नका. तिथली घरची भाषा वाराय आहे.

हवामान म्हणजे नुसता पाऊस-वारा असंही धरू नका. विसायसमधल्या सिकोगोन बेटावर वादळानंतर रहिवाशांचा झगडा जमिनीसाठी आणि घरं पुन्हा बांधण्याच्या हक्कासाठी होता. जमीन कोणाची, हा प्रश्न विचारायचा राहिला तर फिल्मचा निम्मा आशय हातचा गेला.

संमतीत मात्र जराही ढिलाई नको. लैंगिक कल आणि ओळखीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं विधेयक 2000 पासून संसदेत वारंवार मांडलं गेलं, पण दोन दशकांनंतरही कायदा झालेला नव्हता. चेहरा पडद्यावर आला तर कोणाची नोकरी जाऊ शकते, कोणाचं घर तुटू शकतं. म्हणून कच्चं संकलन आधी त्यांनाच दाखवा, आणि त्यांनी नको म्हटलेला प्रसंग, कितीही चांगला असला तरी, काढून टाका.