व्हीए रोटेशनला जाताय? मग दातांचं आधी समजून घ्या

फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला, मॅच होऊन (निवड होऊन) अमेरिकेत आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी लिहितेय, त्यातही ज्यांना व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलचं रोटेशन (प्रशिक्षणातली तिथली पाळी) आहे त्यांच्यासाठी. शुगर, बीपी, इन्शुलिन तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. मला तोंडाबद्दल बोलायचंय, कारण तिथल्या पेशंटच्या दातांची अवस्था बरेचदा फार वाईट असते आणि ते बघणं आपलंही काम आहे हे आपल्याला कोणी धड सांगत नाही.

सगळ्यात मोठा सापळा आधी सांगते. पेशंट म्हणतो दाढ दुखते, आपण डेंटलचा कन्सल्ट, म्हणजे त्यांनी पेशंट बघावा अशी लेखी विनंती, टाकतो आणि पुढच्या तक्रारीकडे वळतो, कारण माणूस व्हीएचा आहे म्हणजे व्हीएचाच डेंटिस्ट बघणार असं डोक्यात पक्कं असतं. मग तो कन्सल्ट "पात्र नाही" म्हणून बंद होऊन परत येतो. इंटर्न, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात, असताना माझ्याबाबतीत हेच झालं, आणि त्या आजोबांना फोन करून सांगताना माझा आवाज निघेना. ते चिडले पण नाहीत, म्हणाले मला माहीत होतं. ते अजून लागतं मला.

तर नीट लक्षात घ्या, व्हीएत नाव नोंदलेलं असणं वेगळं आणि दातांच्या उपचाराचा हक्क असणं वेगळं. कायद्यातच तसं आहे, त्यामुळे डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर राग काढू नका. दातांसाठी वेगळे क्लास, म्हणजे पात्रतेचे गट, आहेत. सैन्यातल्या नोकरीमुळे आलेलं अपंगत्व १००% धरलं गेलंय, किंवा माणूस युद्धकैदी होता, किंवा नोकरीत दाताजबड्याला झालेल्या इजेची भरपाई चालू आहे, तर जे लागेल ते सगळं मिळतं. बाकी बहुतेकांना नाही मिळत. आणि मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वयस्कांचा सरकारी आरोग्य विमा, आहे ना असं म्हणू नका, मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दातांचे उपचार येत नाहीत.

पण दोन दरवाजे असे आहेत की ज्यांच्याजवळ आपण उभे असतो, क्लास ३ आणि क्लास ६. नोकरीशी जोडलेला एखादा आजार दातांमुळे बिघडत असेल तर क्लास ३. व्हीएत चालू असलेल्या उपचारात दातांचा प्रॉब्लेम आडवा येत असेल तर क्लास ६, म्हणजे डोक्यामानेच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचंय, हार्टची झडप बदलायचीय, असं. ठरवणार व्हीएचा डेंटिस्टच, पण त्याला कळणार कसं? आपल्या नोटवरून. "दाढदुखी, कृपया बघा" एवढंच लिहिलं तर तो तरी काय करणार. व्हिएतनामला जाऊन आलेल्या माणसाचा टाइप २ डायबेटिस एजंट ऑरेंजमुळे, म्हणजे त्या युद्धात फवारलेल्या तणनाशकामुळे, झाला असं व्हीए धरून चालते, म्हणजे तो नोकरीशी जोडला जाऊ शकतो. अशा माणसाच्या हिरड्यांतून पू येतोय आणि औषधं वाढवूनही शुगर आटोक्यात येत नाहीये, तर हे तारखा आणि ए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सकट लिहा. त्या आजोबांचा दुसरा कन्सल्ट मी असाच लिहिला आणि तो घेतला गेला. दरवेळी घेतला जाईल असं नाही. आणि नसलेला संबंध ओढूनताणून जोडू नका, पुढच्या पेशंटच्या नोटवरचा विश्वास त्यात जातो.

नुकतंच सैन्य सोडलेलं कोणी समोर आलं तर पहिल्याच भेटीत दातांचं विचारा. सैन्यातून डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या डीडी-२१४ या दाखल्यावर दातांची पूर्ण तपासणी आणि उपचार झाल्याची नोंद नसेल, तर साधारणपणे एकदा उपचार मिळू शकतात, पण अर्ज १८० दिवसांच्या आत करावा लागतो. ही मुदत टळली की हळहळण्यापलीकडे काही हातात राहत नाही. जे कशातच बसत नाहीत त्यांच्यासाठी व्हीएडीआयपी नावाचा विकतचा डेंटल इन्शुरन्स आहे, डेंटल कॉलेजं आहेत, उत्पन्न बघून फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत. तुमच्या भागातली नावं सोशल वर्करकडून पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

आता शॉर्टकट. दाढ दुखते म्हटलं की अमॉक्सिसिलिन लिहून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. ताप नाही, सूज नाही, प्रतिकारशक्ती ठीक आहे, तर नुसत्या दुखण्याला अँटिबायोटिक नको, अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ ची गाइडलाइन हेच सांगते. किडनी आणि पोट बघून आयबुप्रोफेन, जोडीला अ‍ॅसिटामिनोफेन (आपलं पॅरासिटामॉल), आणि दाताचा खरा इलाज कुठे होणार हे त्याच भेटीत ठरवा.

औषधांची यादी तोंडासाठी म्हणून एकदा वेगळी वाचा. डिप्रेशनची, लघवीची, अ‍ॅलर्जीची औषधं मिळून तोंड कोरडं पडतं आणि दात भराभर किडतात. अशांना ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट आपणच लिहून देऊ शकतो, त्याला डेंटिस्ट लागत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय औषधांच्या व्यसनावरचं औषध जिभेखाली ठेवणाऱ्यांना, ते विरघळलं की पाण्याने चूळ भरा आणि ब्रश करायला निदान एक तास थांबा हे सांगायचंच, एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, जानेवारी २०२२ मध्ये तशी सूचना काढली आहे. औषध मात्र बंद करायचं नाही, हेही लगेच सांगा, नाहीतर दातांच्या भीतीने माणूस ते सोडून देईल आणि ते जिवावर बेतू शकतं.

घाबरू नका, हे जमतं. महाराष्ट्रात एमबीबीएस केलेल्यांनी गुटखा-मिश्रीची तोंडं पाहिलेली असतात, गालातला पांढरा चट्टा आपल्या नजरेतून सुटत नाही. इथे फक्त जागा बदलते. बरेच सैनिक खालच्या ओठाच्या आत तंबाखू धरतात, तेव्हा ओठ उलटवून बघा. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर टॉन्सिलमध्ये, जिभेच्या मुळाशी लपतो आणि बरेचदा आधी मानेत गाठ म्हणून येतो, तेव्हा मान चाचपा. कवळी काढायला सांगा, त्यांना संकोच वाटतो, जरा थांबा.

स्माइल्स फॉर लाइफ हा फुकटचा ऑनलाइन कोर्स चांगला आहे, पण सर्टिफिकेटसाठी क्लिक करत संपवलात तर हाताला काही येत नाही. मेंटॉर निवडताना मी एकच बघेन, तो स्वतः ग्लोव्ह घालून तोंडात बोट घालतो का. माझं स्पष्ट मत आहे की यात सगळ्यात चांगल्या शिक्षक डेंटल हायजिनिस्ट (दातांची सफाई करणाऱ्या) असतात, त्यांच्या शेजारी एक दुपार उभं राहायची परवानगी तुमच्या अटेंडिंगकडे, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरकडे, मागा. बहुतेक जण हो म्हणतात.